वाऱ्यावर सोडलं खरं, पण सोडलं कुणी?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

पत्र लांबणार आहे, जागा नसेल तर कुठंही कापा, फक्त शेवटाकडचा लकव्याचा भाग कापू नका एवढं आधीच सांगून ठेवते.

विषय वाऱ्याचा आहे. हवामान खात्याच्या नाही, तुमच्या हेडिंगमधल्या वाऱ्याचा. सकाळी चहाबरोबर पेपर उघडला की रोज कोणी ना कोणी वाऱ्यावर असतंच, कांदावाले वाऱ्यावर, ठेवीदार वाऱ्यावर, पेशंट वाऱ्यावर, बारावीची पोरं वाऱ्यावर, आणि धरणग्रस्त तर आमच्या जन्माच्या आधीपासून वाऱ्यावर. तुमच्याच पेपरात असं नाही, सगळ्याच मराठी पेपरांना आणि चॅनलवाल्यांना ही सवय लागलीय, व्हॉट्सॲपवर कात्रणं फिरतात त्यात पण तेच. आता तुम्ही म्हणाल हेडिंगला जागा कमी, चार शब्दांत बसवायचं असतं, आणि हा शब्द कसा चटकन कळतो. मान्य. पण त्यात काय होतं ते जरा बघा. आपण घरात बोलतो तेव्हा म्हणतो, "त्यानं म्हाताऱ्या आईबापाला वाऱ्यावर सोडलं." कोणी सोडलं ते आधी येतं, आणि ऐकणारा लगेच विचारतो, कोण, थोरला का? हेडिंगमधून हा "त्यानं" जातो आणि त्याच्या मागोमाग "सोडलं" पण जातं. उरतो फक्त सोडलेला माणूस आणि वारा. सोडणारा कुठं गेला? तो बातमीच्या शेवटच्या पॅरात "संपर्क होऊ शकला नाही" असा भेटतो, भेटला तर.

आमच्या सातारा जिल्ह्यातलंच सांगते. कोयना धरण 1960च्या दशकात उभं राहिलं, वीज सगळ्या महाराष्ट्राला गेली, आणि ज्यांची गावं शिवसागरात गेली त्यांची नातवंडं अजून पुनर्वसनाच्या कागदांसाठी खेटे घालतायत. त्यांना वाऱ्यावर म्हणायचं म्हणजे कसं, की बाबा वारंच असं सुटलं, कोण काय करणार. साठ वर्षं एकाच दिशेनं कुठं वारं वाहत नाही हो. तिथं जमीन द्यायची फाइल आहे, ती कुठल्या तरी टेबलावर आहे, त्या टेबलामागं खुर्ची आहे आणि खुर्चीत माणूस आहे.

आणि जिथं खरंखुरं वारं होतं तिथं पण हाच प्रकार. निसर्ग वादळ आठवतंय ना, 3 जून 2020, लॉकडाऊन चालू, घराबाहेर पडायची बंदी आणि त्यात वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, त्या सगळ्या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दिवसात आडव्या. पोफळ लावल्यावर सुपारी नीट हाताला यायला पाच-सात वर्षं जातात, नारळाचंही थोडंफार तसंच, म्हणजे साठी उलटलेल्या माणसानं परत रोपं लावायची ती कुणासाठी आणि कशाच्या जिवावर हा प्रश्न. मग पंचनामे, मग भरपाई हेक्टरवर मोजायची का झाडावर मोजायची हा घोळ, कारण कोकणातली वाडी गुंठ्यांची, हेक्टरी हिशोबात तिच्या मालकाच्या हातात काय पडणार. आणि वर पुन्हा तेच, बागायतदार वाऱ्यावर! अहो वाऱ्यानं जे करायचं ते संध्याकाळपर्यंत केलं आणि तो पुढं निघून गेला. त्याच्यानंतर जे झालं ते माणसांनी केलं, किंवा केलं नाही.

याला एक जुनी म्हण आहे आणि ती तुमच्या हेडिंगपेक्षा जास्त प्रामाणिक आहे असं माझं मत. "वाऱ्यावर वरात आणि दर्यावर हवाला." यातली वरात म्हणजे घोड्यावरचा नवरदेव आणि बँडबाजा नाही बरं का, पूर्वी खजिन्यातून अमक्याला पैसे द्या असा लेखी हुकूम निघायचा त्याला वरात म्हणायचे, आणि हवाला म्हणजे पण तसलंच, पैसे दुसऱ्यावर सोपवायचा प्रकार. आता ती चिठ्ठी वाऱ्याच्या नावानं काढली आणि हवाला समुद्रावर दिला तर घेणाऱ्यानं वटवायची कुठं? म्हण कुणी केली माहीत नाही पण त्यानं बोट दाखवलंय ते चिठ्ठी काढणाऱ्याकडं. वारा बिचारा नुसता साक्षीला. दर वर्षी अतिवृष्टी झाली, गारपीट झाली की पॅकेज जाहीर होतं, वारेमाप आकडे येतात, आणि पुढच्या वर्षी तेच शेतकरी तेच फॉर्म भरत असतात, तेव्हा ही म्हण का नाही वापरत तुम्ही? जागा थोडी जास्त लागेल, लागू दे.

दुसरं तुमचं लाडकं हेडिंग म्हणजे निवडणुकीचे वारे. वारे वाहू लागले. आपोआप. कोणी पंखा लावला नाही, कोणी खिडकी उघडली नाही, नुसते वाहू लागले. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, तिथं प्रशासक बसला, हळूहळू राज्यातल्या बहुतेक महापालिका आणि झेडपी पण प्रशासकाच्या ताब्यात गेल्या. तेव्हापासून दर दिवाळीला, दर पावसाळ्यानंतर पेपरात पालिका निवडणुकीचे वारे वाहिले, इच्छुकांचे बॅनर लागले, हळदीकुंकवाला साड्या वाटून झाल्या, आणि निवडणूक काही येईना. का येईना? ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभाग रचना एकदा अशी एकदा तशी, कोर्टात तारखा. शेवटी मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं मुदत बांधून दिली तेव्हा कुठं गाडी हलली. म्हणजे तीन वर्षं वारं भरपूर होतं, नव्हते ते नगरसेवक. गटार तुंबलं, दिवा गेला तर लोकांनी जायचं कुणाकडं, याला जबाबदार कोण, कुणाची सोय झाली त्यात, हे विचारायचं सोडून आपण तीन वर्षं वाऱ्याची झुळूक मोजत बसलो.

शाळेत भूगोलात आपण काय शिकलो? वारं उगाच सुटत नाही. जास्त दाबाकडून कमी दाबाकडं जातं. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून समुद्रावरून येतात ते खारे वारे, रात्री जमीन लवकर गार होते म्हणून जमिनीवरून जातात ते मतलई वारे, आणि शिडाच्या होड्या होत्या तेव्हा कोळी पहाटे मतलईवर बाहेर पडायचे आणि दुपारी खाऱ्यावर परत यायचे. आमच्या वर्गात "मतलई"ला सगळी पोरं "मतलबी" म्हणायची आणि बाई डाफरायच्या. आता वाटतं निवडणुकीपुरतं तरी पोरांचं बरोबर होतं. दाब कुठं जास्त, कुठं कमी, तेवढं लिहा ना. तिकिटासाठी कोण कुणावर दाब टाकतंय, बिल्डरचा दाब कुठल्या वॉर्डात आहे. मग वारे लिहिलंत तरी चालेल.

आणि ती मोट. विरोधकांची मोट बांधली, अपक्षांची मोट बांधली, नाराजांची मोट बांधली. मूळ वाक्प्रचार "वाऱ्याची मोट बांधणे", मोट म्हणजे गाठोडं, म्हणजे जे होणारच नाही ते करायला जाणं. तुम्ही लोकांनी त्यातला वारा तेवढा काढून टाकला आणि मोट ठेवली, त्यामुळं आता ती कौतुकाची गोष्ट झालीय. निकालानंतर दोन महिन्यांत मोट सुटते तेव्हा मात्र तो काढलेला वारा आठवतो. म्हणजे जिथं नको तिथं वारा घालता आणि जिथं पाहिजे तिथून काढता, हसू नका, खरंच बघा एकदा.

"हवा" हा शब्द त्यामानानं बरा, निदान त्यात माणूस दिसतो. भाईची हवा आहे, पोरगा जरा हवेत आहे, साहेबांनी मीटिंगमध्ये त्याची हवा काढली, ऑडिट म्हटल्यावर सगळ्यांची हवा टाइट. कुणाची, कुणी, सगळं कळतं. पेपरवाल्यांना हा शब्द जरा चालू वाटतो म्हणून वापरत नसाल, क्रीडा पानावर दिसतो अधूनमधून.

खेड्यात वाऱ्याचं बोलणं कसं असतं ते मला आजीमुळं माहीत. आमचं आजोळ पाटण तालुक्यातलं. मळणी झाली की खळ्यावर रास पडायची, आणि आता तिथं यंत्र येतं, दाणे भरूनच देतं, पण तेव्हा उफणणी वाऱ्यावर असायची. आजी तिवईवर उभी, खालून कोणी तरी पाटी भरून वर द्यायचं, ती पाटी डोक्याच्या वर धरून हळूहळू झटकत खाली सोडायची, दाणे तिच्या पायाशी सरळ पडायचे आणि भुसा लांब उडून त्याचा वेगळा ढीग व्हायचा. वारं पडलं की सगळं थांबलं. मग बायका तिथंच बसायच्या, तंबाखू निघायची, कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते निघायचं. परत पानं हलली की आजी वर. आणि वाऱ्यानं दिशा बदलली की ती पहिली काय करायची तर तिवई फिरवून घ्यायची, नाहीतर सगळा भुसा डोळ्यात आणि दाण्यात. त्यामुळं "वारा पाहून पाठ द्यावी" ही म्हण तुम्ही अग्रलेखात पक्ष बदलणाऱ्यांसाठी वापरता तेव्हा मला जरा राग येतो. ती कामाची अक्कल आहे. वारं आपल्या हातात नाही, पाठ आपल्या हातात आहे, म्हणून पाठ कुठं करायची ते बघा. आमदारांसाठी दुसरं काही तरी शोधा, भाषा काय एवढी गरीब नाहीये.

गावातल्या बोलण्यात वारं कुठंही असलं तरी माणूस जागेवर असतो. भांडकुदळ बाई वाऱ्याशी भांडते, पण भांडते ती. पोरगं शहरात कॉलेजला गेलं आणि ऐकेनासं झालं की कानात वारं शिरलंय म्हणतात, नव्यानं उधळलेल्या वासरासारखं, आणि त्याला दावं बांधायचं काम बापाचं हे पण त्यातच आलं. नातेवाइकांनी पाठ फिरवली की "कोणी वाऱ्याला उभं राहिना" म्हणतात आणि कोण कोण उभं राहिलं नाही त्यांची नावं लगेच घेतली जातात, दोन्ही बाजूंच्या आत्या-मावश्यांसकट.

आता लोकांची एवढी बाजू घेतली म्हणून लोक काय धुतल्या तांदळाचे नाहीत. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या लागल्या त्यानंतर आमच्याकडं एक वावडी उठली होती की ही पाती ढग पळवतात म्हणून पाऊस कमी झाला. धुळ्याकडं पण असंच म्हणायचे म्हणे. चांगली शिकलेली माणसं म्हणायची, मोर्चे पण निघाले. अहो चक्की फार तर शे-दीडशे मीटर उंच, पावसाचा ढग त्याच्या कितीतरी वर पसरलेला. आणि माण तालुक्यात पाऊस कमी पडतो तो चक्क्या यायच्या आधी शेकडो वर्षं कमीच पडतोय, नैऋत्येचे मोसमी वारे सह्याद्री चढता चढता रिकामे होतात, महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर ओततात आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला माणात पाचशेच्या आसपास. भांडायचंच तर चक्कीवाल्यांनी जमिनी काय भावानं घेतल्या, रस्ते कुणाच्या शेतातून काढले, यावर भांडायला भरपूर जागा होती. पण ढग पळवले हे सांगायला सोपं.

आता मुख्य मुद्दा. मी साताऱ्यात फिजिओथेरपी करते. माझ्याकडं येणारे निम्मे लोक खांदा-गुडघा-कंबरवाले आणि बाकीच्यांत बरेच असे ज्यांच्या "अंगावरून वारं गेलंय". हाच शब्द. लकवा कोणी म्हणतं, पॅरालिसिस म्हणतं, पण घरातली म्हातारी माणसं वारं गेलं असंच म्हणतात. विचारलं कसं झालं तर गोष्ट ठरलेली असते. "पहाटं परसाकडं गेल्तो, गार वारं लागलं, परत येऊस्तोवर डावा हात लुळा." मग काय केलं? लसणीचं तेल कढवलं, चोळलं, घोंगडं पांघरून झोपवलं, खिडक्या लावून घेतल्या की आणखी वारं लागायला नको. कुणी सांगितलं अमक्या गावाला लकव्याचं औषध मिळतं, तिकडं गाडी करून नेलं. दवाखान्यात गेले ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. माझ्याकडं येईपर्यंत हाताची मूठ आवळून बसलेली असते, एकेक बोट उलगडायला माझा घाम निघतो आणि पेशंटच्या डोळ्यात पाणी.

वाऱ्यानं असं होत नाही. मेंदूला रक्त नेणारी रक्तवाहिनी गुठळीनं बंद पडते नाहीतर फुटते, आणि त्याच्या मागं बहुतेक वेळा वर्षानुवर्षं वाढलेला बीपी असतो, शुगर असते, तंबाखू-मिश्री असते. पहाटेचं काय, तर झोपेतून उठताना बीपी तसाही चढतो, थंडीत रक्तवाहिन्या आवळतात तेव्हा आणखी चढतो, म्हणून झटके सकाळी जास्त येतात. आणि त्याच वेळी बाहेर गार वारं असतं. नेमका तोच सापडतो. गुठळी असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते सुरुवात झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याच्या आधी सिटी स्कॅन करून मेंदूत रक्त सांडलेलं नाही ना हे बघावं लागतं. साडेचार तास म्हणजे काय हो, डोंगरातल्या वाडीवरून गाडी मिळून खाली यायलाच दोन जातात. त्यात तेल कढवायला वेळ कुठून आणायचा.

एका आजोबांच्या घरच्यांशी बोलत होते, बीपीची गोळी चालू होती का विचारलं, तर आजी म्हणाल्या चालू होती की, पण त्यांना बरं वाटत होतं म्हणून दिवाळीपासून बंद केली. सून लगेच म्हणाली, नाही ओ, वारंच वाईट होतं त्या दिवशी. मला त्या सुनेचं कळलं. वारं म्हटलं की गोळी कोणी आणली नाही, पैसे कुणी दिले नाहीत, चार वेळा सांगूनही आजोबांनी ऐकलं नाही, हे सगळं बाजूला पडतं आणि घर एकत्र राहतं. वाऱ्याचा हा एक उपयोग आहे आणि तो मी नाकारत नाही. दोष देऊन मुठी उघडत नाहीत. पण त्याच घरात त्या आजोबांचा धाकटा भाऊ समोर बसला होता, तोंडात तंबाखूची गोळी, बीपी कधी मोजलाच नाही म्हणाला. त्याला त्या दिवशी काय कळलं? की पहाटे कानाला मफलर गुंडाळायचा.

तुमच्या पेपरात "अर्धांगवायूचा झटका" असं छापतात, त्यातही वायू आहेच, जुन्या वैद्यकातल्या वात-पित्त-कफातला. शब्द बदला म्हणत नाही मी, शब्द बदलून काही होत नाही, आणि "पक्षाघात" लिहिलंत तर आमचे निम्मे पेशंट राजकारणाचं पान समजून पुढं जातील. वारं गेलं म्हणू देत, फक्त त्याच्या पुढचं वाक्य छापा. तोंड एका बाजूला ओघळलं, एक हात वर करायला सांगितला आणि तो खाली पडायला लागला, बोलणं बोबडं झालं किंवा सांगितलेलं कळेना, यातलं एक जरी अचानक दिसलं तर घड्याळ बघायचं आणि 108 ला फोन करायचा, खायला-प्यायला काही द्यायचं नाही, तेल तर नाहीच. मग नुसतं तोंड वाकडं झालंय का आणखी काही ते डॉक्टर ठरवतील, शेजारच्या काकूंनी ठरवायचं नाही. थंडी पडायच्या आधी, दिवाळीच्या अंकांच्या जाहिराती असतात ना त्याच दिवसांत, पहिल्या पानावर एक चौकट टाका. आणि त्याच्याच खाली जिल्ह्यात रात्री सिटी स्कॅन कुठं कुठं चालू असतं, हे इंजेक्शन कुठं मिळतं, कुठल्या तालुक्यात मिळत नाही, ते तुमच्या वार्ताहरांकडून काढून छापा. जिथं मिळत नाही त्या तालुक्याची बातमी करताना कृपा करून "रुग्ण वाऱ्यावर" लिहू नका. मशीन कधी मंजूर झालं, कुठं अडलं, चालवायला माणूस का नाही, ते लिहा, आणि ते कुणी द्यायचं होतं त्याच्या हुद्द्यासकट लिहा.

कळावे, लोभ असावा.

आपली एक नेहमीची वाचक,
सातारा

ता. क. पत्र छापलंत तर त्याला "वाचकांच्या मनात बदलाचे वारे" असलं काही हेडिंग देऊ नका, हात जोडते.